बर्फाची गाडी

खारदांड्याच्या पुतळाबाईने आपला ट्रक विकायला काढला, तेव्हा दलालाला तिने पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगून टाकली.

"नाना, गाडी विकायची. पण इंजिन फुटलेलं, ते लपवायचं नाय."

नाना घाटकोपरचा. जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत त्याचे केस पिकले होते. त्याने आधी ट्रककडे बघितलं, मग पुतळाबाईकडे, आणि मग ओट्यावर बसलेल्या तिच्या नवऱ्याकडे. धर्मा फाटलेलं जाळं सांधत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"मावशी," नाना म्हणाला, "फुटलं होतं ना? आता नीट आहे ना? मग झालं तर. मुलगी बघायला आले की कोणी सांगतं का, हिला लहानपणी गोवर आला होता म्हणून?"

"आला असंल तर सांगायचं."

"मग मुलगी घरातच राहते."

"तू गिऱ्हाईक आण. सांगायचं काम माझं."

ही पंच्याऐंशी सालातली गोष्ट. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, दांड्याच्या बोटी पुन्हा पाण्यात गेल्या होत्या, आणि पुतळाबाईचा ट्रक मात्र खाडीच्या तोंडाशी उभा होता. समुद्राकाठी उभ्या राहिलेल्या लोखंडाला वारा खातो. बोट पाण्यात असली तर टिकते आणि गाडी रस्त्यावर असली तर टिकते. दोन्ही उभ्या राहिल्या की सडतात. हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

पुतळाबाईचं निम्मं आयुष्य पाटीखाली गेलं होतं. लग्नाआधीपासून ती डोक्यावर पाटी घेऊन दांड्याहून पार्ल्याला चालत जायची. दारोदार मासळी विकायची. पुढे पार्ल्याच्या बाजारात बसायला जागा मिळाली. पार्ल्याचं गिऱ्हाईक चिकित्सक. माशाचा डोळा बघणार, पोट दाबून बघणार, कल्ला उचलून आत लाल आहे का ते बघणार, आणि मग भाव विचारणार. पुतळाबाईने गिऱ्हाइकाला कल्ला उचलायची वेळ कधी आणली नाही. ती स्वतःच उचलून दाखवायची. मासा कालचा असला तर "कालचा हाय" म्हणायची आणि कालच्याच भावाने द्यायची. काही जणी शिळ्या माशाच्या कल्ल्याला रंग चोळत. अशा एका बाईची पाटी पुतळाबाईने भर बाजारात उचलून गटारात पालथी केली होती. ती बाई वर्षभर तिच्याशी बोलली नाही. पुतळाबाईलाही तिच्याशी काही बोलायचं नव्हतं.

धर्मा बोटीवर मशीन सांभाळायचा. डिझेलच्या मशीनची त्याला नाडी कळे. दांड्याच्या बोटींना मासळी कमी मिळायला लागली, तसं त्याने ठरवलं की रत्नागिरीहून मासळी आणायची. आणायची तर सगळ्यांच्या आधी आणायची. मासळीचा भाव वजनावर नसतो, वेळेवर असतो. पहिल्या लिलावातला पापलेट आणि दुसऱ्या लिलावातला पापलेट यांत सोन्या-पितळेचा फरक.

त्याने एक म्हातारा ट्रक घेतला आणि कुर्ल्याच्या भंगारातून त्यात घालायला एका मोठ्या गाडीचं इंजिन आणलं. इंजिन बसेना. मग पुढची आडवी पट्टी कापून नवी जोडली, रेडिएटर पुढे सरकवला, आणि ट्रकचं नाक इतर ट्रकांपेक्षा वीतभर पुढे आलं. मागचा हौदा दांड्यात होड्या बांधणाऱ्या सुताराने बांधला. त्याला दुसरं काही येत नव्हतं, म्हणून त्याने होडीच बांधली. सागाच्या फळ्या, सांध्यात कापूस आणि राळ, वर पत्रा, मधे थर्माकोल. होडीत पाणी बाहेरून आत येऊ नये म्हणून जे करतात, ते त्याने गारवा आतून बाहेर जाऊ नये म्हणून केलं. त्या हौद्यात रत्नागिरीला भरलेला बर्फ मुंबईत उतरवताना कडक असे. कपाळावर धर्माने आपल्या आईचं नाव लिहून घेतलं, सोनूबाई. होडीला नाव देतात तसं.

चार हंगाम सोनूबाई पहिली आली. रत्नागिरीचे लोक तिच्या लांब नाकावरून तिला ओळखत. इतर ड्रायव्हर म्हणत, धर्मा गाडी चालवत नाही, सोडतो.

पाचव्या हंगामात, शिमगा होऊन गेल्यावर, पुतळाबाई माल निवडायला त्याच्याबरोबर रत्नागिरीला गेली. येताना कशेडी घाटात उजाडता उजाडता इंजिन तापलं. पंख्याचा पट्टा तुटला होता. धर्माने गाडी कडेला घेतली, टोपण उचललं, वाफ बघितली आणि डबा उचलला.

"झऱ्यावरून पाणी आणतंय. कशाला हात लावू नको."

तो खाली उतरून दिसेनासा झाला. पुतळाबाई हौद्याशी उभी राहिली. आत पापलेट, हलवा, सुरमई. बर्फ वितळून खालच्या भोकातून टपटप गळत होता. इंजिन वाफा टाकत होतं. ऊन वर येत होतं. तिने जन्मभर एकच उपाय केला होता: तापलं की बर्फ. मासळी तापली, बर्फ. पोराला ताप आला, बर्फ. हात भाजला, बर्फ. तिने हौद्याखाली बादली धरली, थंडगार पाणी भरून घेतलं, हाताला फडकं गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि बादली ओतली. मग दुसरी ओतली.

आतून आवाज आला. नारळ फोडल्यासारखा, कोरडा.

धर्मा डबा भरून आला तेव्हा ती बादली हातात घेऊन तशीच उभी होती. त्याने बादलीत बघितलं. तळाला थोडं पाणी आणि माशाचे खवले होते. तो रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडावर जाऊन बसला.

पुतळाबाई बसली नाही. मागून आलेल्या ओळखीच्या ट्रकात जेवढा माल मावला तेवढा तिने चढवून दिला. उरलेला एका रिकाम्या टेम्पोत घालून पोलादपूरला नेला आणि बाजाराच्या कडेला जमिनीवर केळीची पानं पसरून बसली. तिथे तिला कोणी ओळखत नव्हतं. तरी तिने कल्ले उचलून दाखवले. संध्याकाळपर्यंत सगळा माल गेला.

ट्रक ओढून अंधेरीला आणला, साकीनाक्याला दशरथच्या गॅरेजमध्ये. दशरथ मालवणकडचा, हाताने पक्का, तोंडाने फटकळ. त्याने रेडिएटर उलटा केला आणि आतून पडलेलं बोटावर घेऊन उजेडात धरलं.

"ह्या काय? खवले?" तो म्हणाला. "रेडिएटरात? पाणी कोणी घातल्यान?"

"मी," पुतळाबाई म्हणाली.

"बर्फाचा?"

"बर्फाचंच. दुसरं कुठलं असणार माझ्याकडं?"

"बाये, इंजिन म्हणजे पापलेट नाय गो." त्याने इंजिनाच्या माथ्यावरच्या लोखंडी ठोकळ्यावरून, हेडवरून बोट फिरवलं आणि थांबवलं. "हय बघ. हय तडो गेलो हा. पिस्टन जळालेत ते वेगळेच. पट्टो तुटल्यार पाच मिनिटा गप बसली असतीस तर निस्त्या पट्ट्यावर भागला असता."

"नाय बसले. आता काय करायचं ते सांग."

"भंगारात घाल."

"ते सोडून सांग."

दशरथने सगळं इंजिन उतरवलं. पाऊस लागला तसं गॅरेजातलं काम मंदावलं, आणि त्याच मंद दिवसांत ते इंजिन पुन्हा बांधलं गेलं. पुतळाबाई बाजार आटोपला की पार्ल्याहून तिथे जायची. पहिल्यांदा दशरथला वाटलं, ही मजुरीवर नजर ठेवायला येते. मग तिने कोपऱ्यातला रॉकेलचा ट्रे ओढला आणि पुढ्यातले नट-बोल्ट धुवायला घेतले. पिस्टनच्या खाचांतली काजळी तिने खवले काढायच्या सुरीने काढली. खरवडताना ओरखडा उठू द्यायचा नाही, हे तिच्या हाताला ठाऊक होतं. दशरथने दुसऱ्या आठवड्यात तिला बसायला पिंप दिलं.

व्हॉल्व्ह जागेवर घट्ट, न गळता बसेपर्यंत घासायचं काम सर्वांत कंटाळवाणं. व्हॉल्व्हला मसाला लावायचा, वर काठी चिकटवायची आणि ती दोन्ही तळव्यांत धरून फिरवत राहायचं, रवी फिरवतात तशी. नुसतं फिरवून भागत नाही. उचलायचं, जागा बदलायची, पुन्हा फिरवायचं. दशरथचा कामगार घाईने घासायचा. पुतळाबाईने काठी त्याच्या हातातून घेतली. ती घासून झाली की दशरथ वरून रॉकेल ओतायचा आणि खाली बोट लावायचा. बोट ओलं झालं की एकच शब्द बोलायचा.

"परत."

ती परत घासायची. तळव्यांना फोड आले, फुटले, त्यात रॉकेल गेलं. तिने फडकं बांधलं आणि घासलं. शेवटचा व्हॉल्व्ह झाला तेव्हा दशरथने रॉकेल ओतलं, चहा पिऊन आला, बोट लावलं. कोरडं.

"झाला," तो म्हणाला. त्याच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी कोणी ऐकली नव्हती.

नवीन हेड, नवीन पिस्टन, नवीन लायनर. क्रँक घासून घेतला. फुटलेलं जुनं हेड दशरथ भंगारवाल्याला देणार होता, पण पुतळाबाईने ते हातगाडीवर टाकून पार्ल्याला नेलं. बाजारात तिचा मासे कापायचा ओंडका एका बाजूला कलत होता. हेड त्याच्याखाली बसवलं तसा ओंडका हलायचा थांबला. गिऱ्हाइकं विचारायची, "हे काय गं?" ती सांगायची, "मी फोडलेलं इंजिन." आणि सुरमईचे तुकडे पाडायला घ्यायची.

गाडी सुरू झाली. पहिले काही दिवस धर्माने ती हळूहळू चालवली, नवीन इंजिन बसेपर्यंत चालवतात तशी. आवाज पूर्वीपेक्षा गोल होता. मग एका पहाटे समोरून येणाऱ्या दिव्यांनी धर्माच्या डोळ्यांपुढे पांढरं झालं आणि त्याने गाडी पुलाच्या कठड्यापासून हातभर अंतरावर थांबवली. डॉक्टर म्हणाला, साखर डोळ्यांत उतरलीय, दिवसा चालवा, अंधारात नको. मासळीच्या गाड्या अंधारातच धावतात. परक्या ड्रायव्हरच्या हाती सोनूबाई द्यायला धर्मा तयार नव्हता. म्हणून ती विकायला निघाली.

नानाने पहिलं गिऱ्हाईक आणलं ते मुलुंडचं. चंद्रप्रकाश नाव, भाजीच्या वाहतुकीचा धंदा, सफारी घातलेला, बोलायला गोड. तो येणार त्या सकाळी पुतळाबाईने दशरथने शिकवल्याप्रमाणे ऑइलची काडी उपसून बघितली. बोटावर काकवीसारखी तार आली. तिने नानाकडे बघितलं. नाना बंदराकडे बघायला लागला.

"रात्री काय टाकलंस यात?"

"जाड ऑइल आहे जरा, मावशी. सगळेच टाकतात. धूर दबतो."

"माझ्या गाडीला धूर हाय?"

"नाही, पण..."

"मग काय दाबतोस? कल्ल्याला रंग लावलास तू माझ्या." तिने ओट्याकडे हाक मारली, "धर्मा, खालचा बोल्ट खोल. सगळं सांडून टाक. आणि नाना, ती परात धर."

चंद्रप्रकाश आला तेव्हा धर्मा गाडीखाली आडवा होता, नाना परात धरून उकिडवा बसला होता आणि त्याच्या मनगटांवरून काळं ऑइल ओघळत होतं.

"ये क्या चल रहा है, नानाभाऊ?"

नाना बोलायच्या आधी पुतळाबाई बोलली. पट्टा तुटल्यापासून व्हॉल्व्ह घासण्यापर्यंत तिने सगळं सांगितलं. काय नवीन घातलं, काय जुनंच ठेवलं, तेही सांगितलं. चंद्रप्रकाशने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बर्फ?" तो म्हणाला. "इंजिनमध्ये?"

"बर्फाचं पाणी."

तो हसायला लागला. वाईट माणूस नव्हता, पण त्याला हसू आवरेना. रुमालाने डोळे पुसत तो गाडीत बसून निघून गेला. त्याने ही गोष्ट मुलुंडला सांगितली असणार. कारण पंधरवड्याच्या आत घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, जिथे जिथे जुन्या गाड्या हात बदलतात तिथे तिथे सोनूबाईला नवीन नाव पडलं. बर्फाची गाडी. कोणी बघायलाही येईना.

"वाट लावलीत, मावशी," नाना म्हणाला. "आता फुकट दिली तरी कोणी नेणार नाही. लोक म्हणतात, ती सपाटीला चालेल, चढाला बसेल."

"कोण म्हणतं?"

"सगळे."

धर्माही म्हणाला. जेवताना, ताटाकडे बघत. "भंगारात दे. रोज डोळ्यासमोर नको. पुढच्या मडगार्डाला गंज धरलाय, बघितलास?"

"बघितला. घासून काढला."

"किती दिवस घासशील?"

"तुझा डोळा दिवसा बरा हाय ना?"

"हाय. का?"

दुसऱ्या दिवशी होड्यांवर नावं रंगवणाऱ्याला बोलावून तिने ट्रकच्या मागच्या फळीवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत लिहून घेतलं: बर्फाची गाडी. रंगवणारा हसत होता. ती म्हणाली, "हस, पण वेलांटी नीट काढ."

धर्मा ओट्यावरून उठून आला. अक्षरं बघितली आणि त्याचा चेहरा उतरला. घाटात बादलीकडे बघून बसला होता, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच तो चिडून बोलला.

"पुढं माझ्या आईचं नाव हाय. आणि मागं हे?"

"खोटं लिहिलंय का?"

"लोक आपल्याला हसतात, ते आपणच लिहायचं?"

"मी ओतलं पाणी, मी लिहिलं. तुझ्या आईला सांग, सून अशीच हाय. तिला ते आधीपासून ठावं होतं." मग ती म्हणाली, "बस गाडीत. अंधेरीला बर्फाच्या कारखान्यात जायचंय."

त्या दिवसापासून सोनूबाई दांड्याच्या बोटींसाठी बर्फ आणायला लागली. भर दिवसा. अंधेरीच्या कारखान्यातून लाद्यांनी हौदा काठोकाठ भरायचा आणि दांड्याला यायचं. सरळ रस्ता सपाट आहे, जुन्या घोडबंदर रोडने खारपर्यंत आणि तिथून खाली समुद्राकडे. पुतळाबाईने तो रस्ता घेऊ दिला नाही. वांद्र्याकडून वळसा घालून पाली हिलचा चढ चढायचा आणि पलीकडून दांड्यात उतरायचं.

"डिझेल जळतं उगाच," धर्मा म्हणाला.

"जळू दे. चढाला बसते म्हणतात ना? बसू दे."

पहिल्या दिवशी चढाच्या तोंडाशी धर्माचा हात गिअरवर घुटमळला. पुतळाबाईने दोघांच्या मधल्या इंजिनाच्या झाकणावर तळवा ठेवला. घट्टे पडलेला तो तळवा तिने शेवटपर्यंत उचलला नाही. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी चढायला लागली. बंगल्यांचे पहारेकरी बघत होते. मागे मोटारींची रांग लागली आणि हॉर्न वाजायला लागले. त्या मोटारींतल्या लोकांना बघायला दुसरं काही नव्हतं. समोर फळीवर पांढरी अक्षरं आणि खाली टपटपणारं बर्फाचं पाणी. झाकण गरम झालं, पण हात ठेवण्याइतकंच गरम. माथ्यावर धर्माने वेग कमी केला.

"थांबू नको," ती म्हणाली. "आपण काय देखावे बघायला नाय आलो."

मग रोजच तो चढ. गाडी उभी नव्हती, त्यामुळे गंज थांबला. बोटींना बर्फ बंदरावरच मिळायला लागला, त्यामुळे दांड्यातलं हसणंही थांबलं. धर्मा दाढी करून गाडीवर बसायला लागला.

नाना पुन्हा आला, या वेळी घाईने. चंद्रप्रकाशच्या ड्रायव्हरने पाली हिलला ती गाडी बघितली होती.

"मावशी, मुलुंडवाला तयार आहे. भाव तुम्ही म्हणाल तो. फक्त त्याला इंजिन पाहिजे. दुसऱ्या गाडीत घालणार. हौदा आणि सांगाडा इथेच तोडून देऊ, लाकूडवाला नेईल. झकास सौदा आहे, हो म्हणा."

धर्मा जाळं सांधत होता. त्याची सुई थांबली. पुतळाबाईने नवऱ्याकडे बघितलं नाही.

"सुरमई तुकड्यांनी विकतात, नाना. गाडी नाय."

"भाव तुमचा म्हणतोय तो."

"ऐकलं. त्याला सांग, जायची तर अख्खी जाईल. नाक, हौदा, नाव, मागची फळी. नायतर इथंच बर्फ वाहील."

"पुन्हा गिऱ्हाईक येणार नाही, सांगतो."

"नको येऊ दे."

नाना गेला. धर्माने सुई पुढे चालवली. त्या रात्री त्याने न मागता बायकोच्या ताटात आपल्या वाट्याचं माशाचं डोकं वाढलं.

गिऱ्हाईक आलं ते बाजारातच, दलालाशिवाय. मालाडचं जोडपं. जयवंत पूर्वी गिरणीत साच्यावर कापड विणायचा. संपात गिरणी बंद पडली ती उघडली नाही, तेव्हापासून दुसऱ्यांच्या गाड्या चालवायचा. उन्हाळ्यात देवगडचे आंबे, एरवी मिळेल ते. त्याची बायको रुक्मिणी खानावळीचे डबे करायची. दोघांनी मिळून आता स्वतःची गाडी घ्यायची ठरवली होती. साठवलेले पैसे तेवढेच होते, गाडी चुकली तर दुसरी घेता येणार नव्हती.

"पाली हिलला मी तुमच्या मागे होतो," जयवंत म्हणाला. "रेतीची गाडी होती माझी. मी पहिल्या गिअरमध्ये रडत होतो आणि तुम्ही दुसऱ्यात चाललेला. ती बर्फाचीच गाडी ना, इंजिन फुटलेली?"

"तीच. हे बघ फुटलेलं." पुतळाबाईने ओंडक्यावरचा मासा बाजूला केला, ओंडका कलता केला आणि खालचं हेड उघडं केलं. "इथं तडा हाय. बोट लाव. तू पण लाव गो."

रुक्मिणीने वाकून बोट लावलं. माशाच्या पाण्याने ते ओलं होतं. तड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिने बोट फिरवलं.

"हे असं सगळ्यांना दाखवता?"

"सगळ्यांना."

"मग कोण घेणार?"

"ज्याला बघून घ्यायचंय तो घेईल. न बघता घेणाऱ्याला मी मासा पण देत नाय."

दुसऱ्या दिवशी ती दोघं दांड्याला आली. हौदा बर्फाने भरून तयार होता. पुतळाबाईने त्यांना आधी थंड इंजिन सुरू करून दाखवलं, मग ऑइलचं झाकण काढलं. "हा कल्ला. धूर मारतो का बघ." मग धर्माने जयवंतला आपल्या जागेवर बसवलं आणि स्वतः खाली उतरून उभा राहिला. आपल्या जागेवर त्याने आजवर कोणाला बसवलं नव्हतं. गाडी दांड्याकडून उलट्या बाजूने चढ चढून गेली, वळसा घालून परत आली. जयवंत उतरला. त्याने झाकणावर तळवा ठेवला, बराच वेळ ठेवला.

"नाक लांब आहे," तो म्हणाला. "वळणाला सवय करावी लागेल."

"सहा महिने," धर्मा म्हणाला. "मग दुसरी गाडी चालवता येणार नाय तुला."

पुतळाबाईने भाव सांगितला. इंजिन फुटायच्या आधी जो भाव आला असता, तोच. रुक्मिणीने तो अर्ध्यावर आणला, मासळीबाजारात आणतात तसा, डोळ्याची पापणी न हलवता. पुतळाबाई हसली.

"पार्ल्याच्या बायकांना पण जमलं नाय गो. एकच भाव."

"फुटलेल्या इंजिनाचा?"

"बांधलेल्या इंजिनाचा. फुटलेलं बाजारात हाय, तू हात लावून आलीस."

रुक्मिणीने नवऱ्याकडे बघितलं. जयवंतचा हात अजून झाकणावर होता. तिने मान हलवली.

"बरं. पण वर काय घालाल?"

मासे घेतल्यावर वर एक मासा मागायची रीत आहे. वर एक घातल्याशिवाय सौदा पुरा होत नाही, आणि ते नाकारणारी कोळीण दांड्यात जन्मली नाही. पण ट्रकवर काय घालणार? धर्मा बायकोकडे बघायला लागला.

"बाजारातून ते हेड घेऊन जा," ती म्हणाली. "गाडीत ठेव. उद्या तुला विकायची झाली तर घेणाऱ्याला दाखव. आणि मागची फळी रंगवायची नाय."

"तुम्ही नाय सांगला असता तरी रंगवूचा नव्हता," जयवंत आपल्या बोलीत म्हणाला. "त्या अक्षरांमागनाच तर मी इलंय."

जाताना धर्माने कपाळावरचं आईचं नाव ओल्या फडक्याने पुसून लख्ख केलं. जयवंतने गाडी सुरू केली. खारकडे जाणारा सपाट रस्ता समोर मोकळा होता. त्याने उजवीकडे वळवून ती चढाला घातली. दुसऱ्या गिअरचा आवाज बंदरापर्यंत ऐकू येत होता. तो थांबेपर्यंत धर्मा फडकं हातात घेऊन उभा राहिला. पुतळाबाई तोवर पाटी भरायला गेली होती.

दुसऱ्या दिवशी पार्ल्याच्या बाजारात तिचा ओंडका पुन्हा डुगडुगायला लागला. तिने आजूबाजूला बघितलं, एक वीट ओढून त्याच्याखाली सरकवली, हाताने दाबून बघितली. मग पहिल्या गिऱ्हाइकापुढे हलवा धरला आणि त्याने मागायच्या आधी कल्ला उचलला.